गाण्याआधीचे पाढे

मैत्रेयी, ओजस, हे मी मराठीत लिहिते आहे म्हणून रागावू नका. तुमच्या बाबाने ते तुम्हाला वाचून दाखवायचं आहे. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे इंग्रजीत मला कुठलीही गोष्ट वळसा घालून, सभ्यपणे, झाकून लिहिता येते. ही तशी लिहायची नाही. नीरज, वाचताना एकही ओळ गाळू नकोस. गाळावीशी वाटेल ती तर मुळीच नको.

आत्ताच लिहायचं कारण मैत्रेयीचा प्रोजेक्ट. साठच्या दशकातलं एखादं इंग्लिश गाणं निवडायचं, त्याच्यामागची गोष्ट शोधायची आणि वर्गात सांगायची. तिने आजोबांचं गाणं निवडलं. मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "आजी, व्हॉट्स द स्टोरी बिहाइंड इट? आजोबा न्यू, राइट?" आजोबा सांगत तीच गोष्ट मी सांगितली. तिने ती तपासून पाहिली आणि दोन दिवसांनी, मला वाईट वाटू नये अशा आवाजात सांगितलं, की ती खरी नाही. मग म्हणाली, "बट डू यू हॅव हिम सिंगिंग इट? एनीव्हेअर?" मी म्हटलं, नाही बाळा, एक कॅसेट होती, ती इथल्या उन्हाने खराब झाली.

तुमच्या बाबालाही मी मागच्या वर्षी हेच सांगितलं होतं. उन्हाचा काही दोष नाही.

जुलै पुन्हा आला आहे. दुबईतल्या अल कुसैसमधल्या आमच्या इमारतीतली निम्मी घरं बंद आहेत. शाळा सुटल्या की आया मुलांना घेऊन गावी जातात आणि लिफ्टमध्ये फक्त पुरुष भेटतात, प्रत्येकाच्या हातात एका माणसाच्या जेवणाची पिशवी. टाक्या गच्चीवर, त्यामुळे थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं. म्हणून मे संपला की आम्ही गीझर बंद करतो आणि अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडतो. घरातल्या गारव्यात गीझरच्या टाकीत निवत राहिलेलं पाणी, तेवढंच अंगावर घेण्यासारखं असतं. नव्याने इथे आलेल्या मुलींना हे शिकवावं लागतं: उन्हाळ्यात थंड हवं असेल तर लाल खुणेचा नळ. ओजस चार वर्षांचा असताना आला होता तेव्हा हे ऐकून खूप हसला होता. "आजी, युअर हाउस इज राँग," म्हणाला होता.

बाहेर पाऊल टाकलं की चष्मा धूसर होतो, पुसला की पुन्हा होतो. रस्त्याच्या मधल्या खजुरांना जाळ्या बांधल्यात आणि आतले घड पिवळे झालेत. दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद ठेवायचा कायदा आहे. त्या वेळात समोरच्या बांधकामावरचे मजूर आमच्या इमारतीच्या सावलीत पुठ्ठे अंथरून झोपतात. सावली सरकते तसे तेही झोपेतच सरकतात. हे मी खिडकीतून पाहते. पूर्वी दोघं पाहायचो.

माझ्यासाठी या उन्हाळ्यात आणखी दोन उन्हाळे आहेत. एक चाळीस वर्षांपूर्वीचा आणि एक मागचा. पहिल्या उन्हाळ्यात मी जिना उतरले नाही. दुसऱ्यात मी तोंड उघडलं नाही. यापलीकडे मी काही केलेलं नाही, पण तेवढं पुरलं.

आधी कॅसेट काय होती ते सांगते. लग्नानंतर तीन वर्षांनी आजोबा दुबईच्या गोदीत क्रेनचे मेकॅनिक म्हणून आले. मी आणि तान्हा नीरज पुण्यात. पत्राला पंधरा-पंधरा दिवस लागत आणि फोन लागता लागत नसे. म्हणून इथली माणसं कॅसेटवर बोलत. कोणी गावी निघाला की चार खोल्यांमधल्या बाराजणांच्या कॅसेटी त्याच्या बॅगेत. आमच्या शाळेतल्या शिपायाचा भाऊ शारजात होता. त्याची आई ती कॅसेट पुऱ्या वाड्यात लावायची आणि मुलगा बोलायचा थांबला की "हं, मग?" असं यंत्रालाच विचारायची.

आमची कॅसेट एकच होती. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला मी. ती यायची, मी ऐकायची, माझी बाजू पुसून त्यावर नवं बोलायची आणि जो कोणी जाणारा असेल त्याच्याकडे द्यायची. ते तिकडे त्यांची बाजू पुसून पुन्हा बोलायचे. सगळेच असं करत. जुनं पत्र राहत नसे, पण नवं येणार असायचं, म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नसे.

ती कॅसेट मुळात कोरी नव्हती. ती लेनची. लेन हा आजोबांचा फोरमन, उत्तर इंग्लंडमधल्या एका बंदराच्या गावचा, लाल मानेचा, दिवसाला सोळा कप चहा पिणारा. त्याला वसंत म्हणता येईना म्हणून तो आजोबांना व्हिन्स म्हणे. आपल्या तरुणपणच्या गाण्यांची ती कॅसेट त्याने आजोबांना दिली. वरच्या कडेची मोडलेली दोन भोकं चिकटपट्टीने बंद केली की अशा कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करता येत असे. आजोबांनी तेच केलं. ते गाण्यांवर बोलले. पण बाजूच्या अगदी शेवटी असलेलं एक गाणं त्यांना फार आवडायचं, म्हणून दर वेळी त्याचं शेवटचं मिनिटभर ते सोडून द्यायचे. बोलणं झालं की म्हणायचे, "बरं, आता गाणं ऐक. मी मध्ये येत नाही."

म्हणजे कितीतरी वर्षं मला त्या गाण्याचा फक्त शेवट माहीत होता. चार मुलगे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात, मागे टाळ्या, आणि मग आवाज लहान लहान होत जातो. गाणं संपत नाही, दूर जातं. मैत्रेयीने मला आता त्याची सुरुवात पाठवली आहे. मी ऐकली. छान आहे, पण ते कोणा दुसऱ्याचं गाणं वाटलं.

त्याच्यामागची गोष्ट लेनने आजोबांना सांगितली आणि आजोबांनी मला कॅसेटवर. ती मुलं लेनच्या शेजारच्या गल्लीतली. रेकॉर्डिंगच्या दिवशी असं ठरलं होतं की शेवटची ओळ चारदा म्हणायची आणि काचेमागच्या माणसाने हात वर केला की थांबायचं. त्याने हात वर केला. ड्रम वाजवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. तो वाजवत राहिला, म्हणून टाळ्या चालू राहिल्या, म्हणून गाणारे गात राहिले. कोणीच कोणाला थांबवेना. शेवटी काचेमागच्या माणसाने हळूहळू बटण फिरवून आवाज कमी केला. लेन म्हणायचा, "दे नेव्हर स्टॉप्ड, व्हिन्स. दे आर स्टिल अ‍ॅट इट." ते थांबलेच नाहीत. अजून गात आहेत, आपल्याला ऐकू येत नाही इतकंच.

मैत्रेयी म्हणते, त्या काळी सगळेच असं करायचे, मुद्दाम. ती बरोबर असणार. लेनची गल्लीही बहुधा दुसरीच असेल. पण प्रोजेक्टमध्ये खरी गोष्ट लिहायची असेल, तर मला या गाण्यामागची एकच खरी गोष्ट माहीत आहे आणि ती पुढे आहे.

नीरज तीन वर्षांचा झाल्यावर आमचा व्हिसा आला. त्याआधीची आजोबांची शेवटची कॅसेट मला अजून बरीच पाठ आहे. विमानात गारठा असतो, नीरजला स्वेटर घाल. उतरताना तोच स्वेटर काढ. दार उघडलं की भट्टीसारखी हवा तोंडावर येईल, घाबरू नकोस, सगळ्यांना वाटतं की ती इंजिनाची आहे, ती इथलीच आहे. बाहेर काचेपलीकडे मी उभा असेन, निळा शर्ट घालून. मी दिसलो नाही तर हलू नकोस, मी शोधेन. शब्द सगळे मला येतात. आवाज मला येत नाही. आठवायला गेलं की तो माझ्याच आवाजात ऐकू येतो.

आता तो पहिला उन्हाळा. आम्ही येऊन चार वर्षं झाली होती. आजोबांची बदली अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये झाली होती. ते तिकडेच कॅम्पवर राहत आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या गाडीने घरी येत. मला इथल्या शाळेत नोकरी लागली होती आणि सुट्टीतही मी वेळापत्रक करून भिंतीवर लावत असे. नीरज सात वर्षांचा. इंग्रजी शाळेत तो टेबल्स म्हणायचा आणि बारापुढे अडायचा. मी ठरवलं, या सुट्टीत ह्याला आपले मराठी पाढे, बे पासून तीसपर्यंत. पण सकाळभर मी शिकवण्या घेत असे. तेवढ्या वेळात त्याने एकट्याने म्हणायला हवेत. म्हणून मी कॅसेट करायची ठरवली.

कोरी कॅसेट खालच्या दुकानात मिळत होती. दुपारचे दोन वाजले होते. लिफ्ट बंद पडलेली, आम्ही चौथ्या मजल्यावर, नीरज नुकताच झोपलेला. मी दार उघडलं. जिन्यातून वाफ आल्यासारखी हवा आली. मी दार लावलं.

कपाटात आमची जुनी कॅसेट होती. दोन बाजू. माझ्या बाजूला, माझं बोलणं संपल्यावर, अडीच वर्षांचा नीरज "बाबा, लौकर ये, बाबा, भू आणलं" असं काहीतरी बोबडं बोलत होता. ते कसं पुसायचं? मी कॅसेट उलटी केली. आजोबांचा आवाज तर दर गुरुवारी घरात येत होता. आल्या आल्या ओरडत होता, "शैला, चहा!" घरात वावरणाऱ्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं?

मी फार व्यवस्थित काम केलं. प्रत्येक ओळ म्हणायची आणि मग नीरजला म्हणता यावी इतकी जागा सोडायची. बे एके बे. जागा. बे दुणे चार. जागा. तीस दाहे तीनशेला मी बटण बंद केलं. पुढे आजोबांच्या गाण्याचा तुकडा तसाच राहिला, हे मला माहीत होतं. मला तेव्हा तो आपला चांगुलपणा वाटला.

पुढे कित्येक वर्षांनी लक्षात आलं, की त्या सोडलेल्या जागांमध्येही मी त्यांचा आवाज पुसला होता. तिथे मी काही बोललेही नव्हते.

नीरजचे पाढे महिन्याभरात पाठ झाले. कॅसेट तिच्या डबीत परत गेली. डबीवर आजोबांच्या अक्षरात "शैलास" लिहिलेलं होतं, ते मी बदललं नाही. त्यांना सांगितलंही नाही. आधी विसरले म्हणून, आणि नंतर त्यात सांगण्यासारखं काय आहे म्हणून. ते कधीमधी पाहुण्यांना म्हणत, "आमच्या हिने माझी सगळी भाषणं जपून ठेवलीत." मी ताटं वाढायला उठत असे.

मागच्या वर्षी मेमध्ये आजोबांच्या घशात गाठ निघाली. आवाज तर बऱ्याच वर्षांपूर्वीच खरखरीत झाला होता, वर्कशॉपच्या धुळीने आणि ओरडण्याने, असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. ऑपरेशनला चौदा दिवस होते.

हॉस्पिटलमध्ये शीबा नावाची एक मल्याळी मुलगी होती. आवाज गेलेल्यांना बोलायला शिकवणं हे तिचं काम. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "अंकल, अभी रेकॉर्ड करो. बच्चों का नाम बोलो, हँसो, गाना गाओ, गाली दो, कुछ भी. बाद में बहुत काम आता है."

"गाली मैं मराठी में देता हूँ," आजोबा म्हणाले. "तुमको पता भी नहीं चलेगा."

"वो भी चलेगा अंकल. आंटी को पता चलेगा ना."

संध्याकाळी नीरजचा कॅनडाहून फोन. "बाबा, प्लीज. रोज दहा मिनिटं. मी तुम्हाला अ‍ॅप टाकून देतो." तेव्हा आजोबा जे म्हणाले ते तुम्हीही स्क्रीनवर बघत होतात, पण तुम्हाला कळलं नसेल. ते म्हणाले, "अरे, हा फाटका भोंगा कशाला ठेवू मी मागे? पोरांनी हाच ऐकायचा का? माझा खरा आवाज आहे की कॅसेटवर. तिसाव्या वर्षीचा. तुझ्या आईकडे आहे. गाणंसुद्धा आहे." आणि माझ्याकडे बघून, अगदी खुशीत, "काय गं?"

मी म्हटलं, "आधी औषध घ्या. वेळ झाली."

नीरज, तू नंतर सगळे फोन धुंडाळलेस. प्रत्येक व्हिडिओत आजोबा कॅमेऱ्यामागे. ओजसच्या वाढदिवसाला "चालू आहे का गं हे?" आणि एकदा "अरे, बाजूला हो." खरखरीत आवाजात तेवढंच मिळालं. तू मला विचारलंस, आई, तू त्यांना आग्रह का नाही केलास? मी म्हटलं, ते ऐकतात का कोणाचं. ते माझं दुसरं खोटं.

एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. अहो, त्या कॅसेटवर तुमचा आवाज नाही, तेव्हा आत्ता बोला. चौदा दिवस रोज सकाळी मी ते वाक्य मनात नीट लावून ठेवत असे, वर्गात जाण्यापूर्वी धडा लावावा तसं. चहाबरोबर सांगू. चहा होई. तपासण्या झाल्यावर सांगू. त्या होत. मग वाटे, आधीच घाबरलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? हे कारण मला फार आवडलं होतं. खरं कारण वेगळं होतं. चाळीस वर्षं जिला सगळे व्यवस्थित म्हणत आले, तिला आपला अव्यवस्थितपणा उघडा करायचा नव्हता.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. दाराशी त्यांनी ढकलणाऱ्याला हाताने थांबवलं. "कॅसेट सांभाळून ठेवलीयस ना?"

मी म्हटलं, "हो."

शब्दशः ते खरंच होतं. कॅसेट सांभाळलेली होती.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

त्यानंतर घर फार शांत झालं. एसीचा आवाज, आणि त्यांच्या गळ्याला पाडलेल्या भोकातून येणारा श्वास. तो श्वास वेगळाच असतो, कोणीतरी परकं माणूस खोलीत झोपल्यासारखा. ते पुसता येणाऱ्या पांढऱ्या पाटीवर लिहीत. "पाणी." "पडदा." "समोरचे झोपले का?" म्हणजे सावलीतले मजूर. एकदा शीबाने गळ्याला लावून बोलायचं यंत्र दाखवलं. त्यातून लोखंडी आवाज आला. आजोबांनी ते परत दिलं आणि पाटीवर लिहिलं, "क्रेन."

जुलैच्या शेवटी त्यांनी लिहिलं, "कॅसेट लाव."

आमच्या जुन्या प्लेअरचा पट्टा गेला होता. मी म्हटलं, दुरुस्त करून आणते, आणि मनाशी म्हटलं, होऊच नये. जवळच्या गल्लीत इक्बालभाईंचं दुकान आहे. ते रत्नागिरीकडचे, इथे माझ्याही आधीपासून. ते म्हणाले, "ताई, हा पट्टा आता कुठे मिलतो? पन बघतो मी. सबर करा, इन्शाल्ला होईल." मी रोज विचारायला जाई. त्यांना वाटे मला घाई आहे. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच प्लेअर काखेत घेऊन घरी आले, घामाने निथळलेले, आणि आजोबांना म्हणाले, "वसंतदादा, खलास! चालू झाला. आता ऐका बिनधास्त." सरबतही न घेता गेले. जाताना माझ्याकडे पाहून हसले, भेट दिल्यासारखे.

दुपारचे तीन वाजले होते. आजोबा खुर्चीत ताठ बसले. त्यांनी शर्ट बदलला होता. अजूनही सांगता आलं असतं. मी बटण दाबलं.

"बे एके बे," माझा तेहतिसाव्या वर्षीचा आवाज म्हणाला. खणखणीत, मास्तरणीचा.

आजोबांनी मला खूण केली, उलटी लागली, बाजू बदल. मी म्हटलं, "नाही. हीच तुमची बाजू. मी पुसली. नीरजला पाढे पाठ करायला हवे होते. दुपार होती, मला खाली उतरायचा कंटाळा आला." एवढंच ते वाक्य. चाळीस वर्षं आणि चौदा दिवस लागले, आणि म्हणायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"चार चोक सोळा," कॅसेट म्हणाली. मी बंद करायला हात पुढे केला तर त्यांनी मनगट धरलं. पाटीवर लिहिलं, "राहू दे."

मग आम्ही ऐकत बसलो. पाच, सहा, सात. नीरजसाठी सोडलेल्या प्रत्येक जागेत नुसती टेपची सरसर. तेराच्या पाढ्याला माझं लक्ष गेलं, की आजोबांचे ओठ हलताहेत. मी म्हणत होते, "तेरा साती एक्क्याण्णव," आणि पुढच्या जागेत ते आवाज न करता म्हणत होते, तेरा साती एक्क्याण्णव. एकही जागा त्यांनी सोडली नाही. तेवीसला चुकले, तेव्हा मान हलवून स्वतःला दुरुस्त केलं. मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटत होतं. मी गेले नाही, एवढं मी त्या उन्हाळ्यात नीट केलं.

"तीस दाहे तीनशे." खट.

आणि मग, गाणं सुरू होण्याआधी, घसा खाकरल्याचा एक आवाज. लहानसा, दोन सेकंदांचाही नसेल. तो मी पूर्वीही ऐकला असेन, पण मला तो माझाच वाटला असणार. आजोबांनी खुर्चीच्या हातावर जोरात थाप मारली. छातीवर बोट ठेवलं. पाटी ओढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

"हा मी."

"बरं, आता गाणं ऐक" म्हणून झाल्यावर त्यांना आणखी काहीतरी सांगायचं असणार. घसा साफ केला असेल आणि मग विचार बदलून बटण बंद केलं असेल. माझे पाढे त्याच्या केसभर आधी संपले होते.

मग गाणं आलं. चार मुलगे, टाळ्या. आजोबांनी हात वर उचलला आणि आवाज लहान होत गेला तसा तो हळूहळू खाली आणला, काचेमागच्या माणसासारखा. हात मांडीवर टेकला तेव्हा फक्त सरसर उरली होती.

मी विचारलं, "रागावलात?"

त्यांनी लिहिलं, "हो."

त्याच्याखाली लिहिलं, "चहा कर."

मी चहा केला. त्यांना आता थोडा थोडाच घेता येत असे, तेवढा त्यांनी घेतला. पाटी त्यांनी स्वतः पुसली. त्या विषयावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही. पुढच्याच आठवड्यात पेपरात आलं, की सुहैल तारा दिसला. इथले लोक म्हणतात, सुहैल दिसला की उन्हाळा मोडतो. वॉचमननेही आजोबांना तसं सांगितलं आणि आजोबांनी अंगठा वर केला. तीन दिवसांनी ते गेले. हवा तेव्हा किंचितही बदललेली नव्हती.

त्यांचा राग गेला होता की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला कोणी सांगेल की अर्थातच गेला असणार. माणसं असं सांगतात. माझ्याकडे त्याचा काही पुरावा नाही.

नीरज, तुला मी उन्हाचं का सांगितलं ते आता कळलं असेल. स्वतःला वाचवायला सांगितलं, हे पहिलं. दुसरं, तुला वाटलं असतं की तुझ्या पाढ्यांपायी बाबांचा आवाज गेला. तू सात वर्षांचा होतास आणि झोपला होतास. तुला फक्त बारापुढे येत नव्हतं. ही गोष्ट पूर्ण माझी आहे, हिच्यातला वाटा मी तुला देणार नाही.

माझा इथला व्हिसा सप्टेंबरमध्ये संपतो. मग मी पुण्याला बहिणीकडे जाईन. चाळीस वर्षं राहिलं तरी हे घर व्हिसाएवढंच असतं, हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. बांधाबांध चालू आहे. इक्बालभाई खोके आणून देतात. त्यांना मी कॅसेटचं काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं, "दादांचा आवाज आला होता ना नीट?" मी म्हटलं, आला होता. हे मात्र खोटं नाही.

मैत्रेयी, तुझ्या प्रोजेक्टमध्ये तू तपासलेलीच गोष्ट लिही. लेनचीही लिही, पण ती खरी नाही असं लिहून. आणि ओजस, पाढ्यांमध्ये जागा सोडलेल्या आहेत. तिथे आपण म्हणायचं असतं.

कॅसेट मी हातातल्या बॅगेत ठेवली आहे, सामानात नाही. एका बाजूला मी, आणि शेवटी बोबडा नीरज. दुसऱ्या बाजूला बे ते तीस पाढे, त्यानंतर आजोबा एकदा घसा खाकरतात, आणि त्यानंतर गाण्याचं शेवटचं मिनिट. एवढं आहे.